पाच फाइलींचं व्याकरण

एखादं वेब ॲप अनेक भाषांत आणायचं, तर आधी त्यातली सगळी वाक्यं कोडमधून उपसून वेगळी ठेवावी लागतात. कोडमध्ये फक्त खुणा उरतात. वापरणाऱ्याची भाषा पाहून त्या खुणेच्या जागी मराठी, तमिळ किंवा रशियन वाक्य येऊन बसतं. ‘गेटटेक्स्ट’ या जुन्या, भरवशाच्या पद्धतीत मूळ वाक्यच खुणेचं काम करतं. खरी गंमत सुरू होते ती वाक्यात आकडा आला की.

मराठीत १ फाइल निवडली, ५ फाइली निवडल्या. म्हणजे दोन वाक्यं लिहिली की काम झालं. जपानीला तेवढंही लागत नाही. एक असो वा हजार, नाम जसंच्या तसं. रशियनमध्ये मात्र १ फाइल, २ ‘फाइला’, ५ ‘फाइलोव’. अकरालाही ‘फाइलोव’च, आणि २१ म्हटलं की पुन्हा एकवचन! तिथे नामाचं रूप ठरतं ते आकड्याच्या शेपटावरून, आणि ११ ते १४ ही शेपटं तेवढी अपवाद. ‘एक आहे की नाही’ एवढंच तपासणारा प्रोग्रॅम इथे साफ फसतो.

स्लोव्हेनियनमध्ये, आपण संस्कृतात शिकलो ते द्विवचन रोजच्या बोलण्यात जिवंत आहे. तिथे १०१ला एकवचन आणि १०२ला द्विवचन! अरबीत तर सहा गट: शून्य, एक, दोन, मग ३ ते १०, पुढे ११ ते ९९, आणि शंभर-दोनशेसारखे उरलेले. १०३ आला की तो पुन्हा तीनच्या गटात. माणसाच्या जिभेने किती तऱ्हांनी मोजावं!

ही सारी व्याकरणं युनिकोड कन्सोर्शियमच्या ‘सीएलडीआर’ या खुल्या भांडारात नियम म्हणून लिहून ठेवलेली आहेत, आणि ती ब्राउझरमध्येही येतात. म्हणजे तुमच्या खिशातल्या फोनला अरबी द्विवचन कळतं. त्याच भांडारात आपणही आहोत. मराठीसाठी आकडा मागितला तर १२,३४,५६७ असा, लाखाचा स्वल्पविराम देऊन, देवनागरी अंकांत मिळतो. हिंदीला स्वल्पविराम तसाच, पण अंक आंतरराष्ट्रीय. जर्मनीत स्वल्पविरामांच्या जागी टिंबं. प्रोग्रॅमरने यातलं काहीही स्वतः लिहायचं नसतं, फक्त भाषा सांगायची.

एक गाठ मात्र या नियमांनी सुटत नाही, आणि ती आपल्या घरची आहे. ‘अमुकला जाणाऱ्या गाड्या’ असं वाक्य करून रिकाम्या जागी गावाचं नाव भरायचं ठरवलं, तर नाशिकला ठीक. पण पुढे ‘पुणेला’, ‘सातारा’चं ‘साताराला’! मराठीला हवं पुण्याला, साताऱ्याला. आकड्याचा गट हिशोबाने काढता येतो. सामान्यरूपासाठी ते नामच ओळखीचं असावं लागतं. म्हणून जाणता अनुवादक प्रत्ययच टाळतो आणि ‘ठिकाण : पुणे’ असं लिहितो. वाक्य कोरडं वाटतं खरं, पण मला त्या माणसाचं कौतुक वाटतं: कोणतंही गाव आलं तरी चुकणार नाही अशी जागा त्याने वाक्यात शोधून काढलेली असते.