रेल्वेचा तोटा आणि नाशिकचा कांदा

रेल्वेच्या तोट्याची चर्चा सुरू झाली, की ‘सरकारने हा भार किती काळ सोसायचा’ असा प्रश्न हमखास विचारला जातो. उत्तरासाठी नाशिककरांना कसारा घाटापलीकडे जायला नको.

१ जानेवारी १८६५ रोजी रेल्वे घाट चढून इगतपुरीला पोहोचली, ती केवळ तिकिटांच्या भरवशावर नव्हे. ग्रेट इंडियन पेनिन्सुला कंपनीला भांडवलावर ५ टक्के परताव्याची सरकारी हमी होती. उत्पन्न कमी पडल्यास तूट हिंदुस्थानच्या तिजोरीतून भरली जाई. हमी नफ्याचीच असल्याने काटकसरीची निकड कंपनीला भासली नाही, हा त्या व्यवस्थेतील मोठा दोष. मात्र हमीवाचून हा मार्ग उभारण्यास खासगी भांडवल क्वचितच पुढे आले असते.

घाटातील बोगदे आणि पूल यांचा खर्च गाड्या दहा धावोत वा शंभर, फारसा बदलत नाही. आणखी एक पोते नेण्याचा खर्च मात्र किरकोळ असतो. सारा स्थिर खर्च भाड्यातूनच वसूल करू गेल्यास माल रस्त्याकडे वळतो आणि रूळ ओस पडतात.

ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्राने राखीव साठ्यातील १,६०० टन कांदा नाशिकहून रेल्वेने दिल्लीला पाठवला. सरकारी हिशेबानुसार ५६ ट्रकांचा माल रस्त्याने नेण्यास ८४ लाख रुपये लागतात, रेल्वेने ७० लाख २० हजार. ही बचत कागदावर दिसते. धूर, रस्त्याची झीज आणि अपघात यांचे मोल मात्र ट्रकच्या भाड्यात पुरते उतरत नाही. ते समाज भरतो. रेल्वेला साहाय्य देण्याचे खरे समर्थन येथे आहे.

प्रश्न आहे तो पैसा कोणाच्या खिशातून जातो, हा. रेल्वेच्या म्हणण्यानुसार २०२२-२३ मध्ये प्रवाशांना ५६,९९३ कोटी रुपयांची सवलत मिळाली. प्रवासी वाहतुकीतील तूट मुख्यतः मालभाड्यातून भरून काढली जाते. म्हणजे ‘पंचवटी’च्या पासधारकाचा स्वस्त प्रवास काही अंशी एकलहऱ्याच्या वीजकेंद्राकडे जाणाऱ्या कोळशाच्या माथी पडतो; पर्यायाने वीजग्राहकाच्याही. चढ्या भाड्यामुळे इतर माल रस्त्यावर जातो, तो तोटा वेगळाच. त्यापेक्षा ही सवलत थेट अर्थसंकल्पातून देणे अधिक रास्त.

असा प्रयोग नाशिकने पाहिला आहे. ७ ऑगस्ट २०२० रोजी देवळालीहून दानापूरला पहिली किसान रेल्वे सुटली. त्याच वर्षी ऑक्टोबरपासून फळे-भाजीपाल्याच्या भाड्यात ५० टक्के सवलत मिळू लागली. तिचा भार कोळशावर टाकला नव्हता. त्यासाठी अन्न प्रक्रिया उद्योग मंत्रालयाने आपल्या योजनेतून निधी दिला होता.