व्यावसायिक छायाचित्रातील पोशाख : काही गैरसमज आणि वस्तुस्थिती

संस्थेचे संकेतस्थळ, पुस्तकाचे मलपृष्ठ किंवा परिषदेची पत्रिका यांसाठी काढल्या जाणाऱ्या व्यावसायिक छायाचित्रात बहुधा चेहरा आणि खांदे एवढेच दिसतात. त्यामुळे चेहऱ्याच्या खालोखाल डोळ्यांत भरते ते कापड. त्याची निवड मात्र ‘कोणता रंग शोभतो’ एवढ्याच प्रश्नावर होते. कापडावर पडलेल्या प्रकाशाचे पुढे काय होते, हा अधिक उपयुक्त प्रश्न आहे आणि पोशाखाविषयीच्या बहुतेक रूढ समजुती त्याच्याकडे दुर्लक्ष झाल्यामुळे टिकून आहेत.

पांढरा सदरा केव्हाही निर्धोक, ही त्यांतील सर्वाधिक प्रचलित समजूत. कॅमेऱ्यातील प्रकाशमापक समोरचे दृश्य सरासरीने मध्यम करड्या छटेचे, म्हणजे पडलेल्या प्रकाशापैकी सुमारे १८ टक्के प्रकाश परत पाठवणारे आहे, असे धरून चालतो. चौकटीत पांढऱ्याचे प्रमाण वाढले की दृश्य फार उजळ असल्याचा अर्थ लावून तो उद्भासन, म्हणजे संवेदकावर पडू दिलेल्या प्रकाशाचे प्रमाण, कमी करतो आणि त्यात चेहरा, विशेषतः सावळा चेहरा, काळवंडतो. चेहरा ओळखून मोजमाप करणाऱ्या आधुनिक कॅमेऱ्यांत हा दोष कमी झाला आहे. तरीही पासपोर्टच्या छायाचित्राप्रमाणे पार्श्वभूमीही पांढरीच असेल, तर खांद्यांच्या कडा तिच्यात विरघळून जातात. शिवाय कपडे धुण्याच्या अनेक पावडरींत अशी द्रव्ये असतात, जी अदृश्य अतिनील किरण शोषून निळसर प्रकाश बाहेर टाकतात. फ्लॅशमधील अतिनील अंश गाळला गेला नसेल, तर घरी शुभ्र दिसणारा सदरा छायाचित्रात निळसर उतरतो. पांढऱ्याचा एक गुण मात्र निर्विवाद आहे : पांढरी कॉलर प्रकाश वर परावर्तित करून हनुवटीखालची सावली सौम्य करते. म्हणूनच गडद कोटाच्या आत डोकावणारा पांढरा सदरा, नुसत्या पांढऱ्या सदऱ्यापेक्षा, अधिक भरवशाचा ठरतो.

काळ्या कपड्यात व्यक्ती सडपातळ दिसते, या समजुतीत तथ्याचा अंश आहे. गडद पार्श्वभूमीवरील उजळ आकृती प्रत्यक्षाहून किंचित मोठी भासते, या दृष्टिभ्रमाचा विचार एकोणिसाव्या शतकात हर्मन फॉन हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने केला होता. मात्र गडद पडद्यासमोर काळा कोट घातला, तर चुण्या, शिवण आणि खांद्यांची रेषा नाहीशी होऊन केवळ एक मुंडके अधांतरी तरंगत असल्याचा भास होतो, आणि कोटावरचा केस वा धुळीचा कण तेवढा ठळक उठून दिसतो. आडव्या रेषांनी माणूस जाड दिसतो, हे तर हेल्महोल्ट्झच्याच निरीक्षणाशी विसंगत आहे : आडव्या रेषांनी भरलेला चौरस त्याला उंच आणि अरुंद भासला होता, आणि यॉर्क विद्यापीठातील पीटर थॉम्पसन यांनी २०११ मध्ये सहकाऱ्यासह प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांतही आडव्या पट्ट्यांमुळे आकृती रुंद दिसत असल्याचा पुरावा मिळाला नाही.

या सर्वांहून कमी परिचित, परंतु व्यवहारात अधिक त्रासदायक गैरसमज म्हणजे बारीक चौकडी किंवा बारीक रेघा सौम्य असल्यामुळे चालून जातात, हा होय. डिजिटल संवेदक हा सूक्ष्म प्रकाशबिंदूंचा नियमित जाळीदार पट असतो आणि बहुतेक कॅमेऱ्यांत त्यावर कोडॅकमधील ब्राइस बेयर यांच्या नावाने ओळखली जाणारी, १९७६ साली पेटंट मिळालेली रंगगाळणी बसवलेली असते, जिच्यात प्रत्येक चार बिंदूंपैकी दोन हिरवा, एक लाल आणि एक निळा प्रकाश टिपतो. कापडावरची नियमित वीण या जाळीच्या मापाच्या जवळपास आली, की एकावर एक धरलेल्या दोन मच्छरदाण्यांत दिसतात तशा, मुळात नसलेल्या लाटा छायाचित्रात उमटतात आणि त्यांना इंद्रधनुषी झाकही येते. या दोषास मोआरे म्हणतात. बारीक रेघांचा सूट, चौकडीचा शर्ट, बारीक चौकड्यांची इरकल साडी, यांपैकी काहीही त्याला बळी पडू शकते. गंमत अशी, की मूळ छायाचित्र निर्दोष असूनही ते पडद्यासाठी लहान करताना हाच दोष नव्याने उपटू शकतो. ‘एडिटिंगमध्ये निघेल’ हे आश्वासन येथे अपुरे पडते, कारण रंगीत झाक बऱ्याच अंशी पुसता आली, तरी विणीत मिसळलेल्या उजळ-गडद लाटा काढणे कठीण असते. त्यापेक्षा छायाचित्रकाराने पाऊलभर पुढे-मागे होऊन पुन्हा टिपणे सोपे, आणि कापडच साधे किंवा मोठ्या नक्षीचे निवडणे त्याहून सोपे.

लाल रंग टाळावा, हा सल्ला जुनाच आहे. मात्र त्यामागचे कारण आज पूर्ण उलटले आहे. छायाचित्रकार राजा दीनदयाळ यांचा मुंबईतील स्टुडिओ १८९६ मध्ये सुरू झाला, त्या काळी वापरात असलेल्या बहुतेक काचपट्ट्यांना लाल प्रकाश जवळजवळ जाणवतच नसे. म्हणूनच जुन्या छायाचित्रांत कपाळावरचे कुंकू काळे आणि लाल शालू कोळशासारखा दिसतो, तर फिकट निळे कापड पांढरे वाटते. सर्व रंग जाणणाऱ्या, म्हणजे पॅनक्रोमॅटिक, पट्ट्या १९०६ च्या सुमारास बाजारात आल्यानंतर ही अडचण हळूहळू ओसरली. डिजिटल कॅमेऱ्यात मात्र भडक लाल कापडात लाल घटकाची नोंद इतर रंगांच्या आधी कमाल मर्यादेला पोहोचते, त्यामुळे कापडावरच्या चुण्या मिटून एक सपाट डाग उरतो. भडक रंगाने चेहरा खुलतो, हा समजही त्यामुळे तपासून घ्यावा लागतो, कारण कापडाच्या रंगाची झाक हनुवटीखाली आणि मानेवर पडते. पोपटी कुर्त्यातली हिरवट मान हे त्याचे नेहमीचे उदाहरण.

पारंपरिक पोशाख व्यावसायिक वाटत नाही, या मताला छायाचित्रणाच्या तंत्रात काहीही आधार नाही. पैठणीची जर समोरून येणाऱ्या उघड्या फ्लॅशमध्ये पांढरे ठिपके टाकते, हे खरे. पण तोच प्रकाश बाजूने आणि मोठ्या पडद्यातून गाळून आणला, तर जर सोन्यासारखी उतरते. दोष साडीचा नसून प्रकाशयोजनेचा असतो.

याउलट, व्यवसायाचा गणवेश सर्वत्र योग्यच, असेही नाही. भारतीय विधिज्ञ परिषदेच्या नियमांनुसार वकिलांनी न्यायालयाबाहेर सार्वजनिक ठिकाणी पांढरे बँड आणि गाऊन घालू नये, विहित समारंभप्रसंग वगळता, अशी अपेक्षा आहे. तेव्हा वकिलाच्या सर्वसाधारण छायाचित्राला काळा कोट आणि पांढरा सदरा पुरेसा आहे.

नवा, महाग कपडा छायाचित्रात उठून दिसतो, हा शेवटचा भ्रम. कॅमेऱ्याला किंमत दिसत नाही. मानेपासून सुटलेली कॉलर, बसल्यावर वर चढणारे कोटाचे खांदे आणि घडीची आडवी खूण मात्र दिसते. बसून छायाचित्र काढताना कोटाचे मागचे टोक ओढून त्यावर बसले की खांदे जागेवर येतात. छायाचित्राची वेळ ठरवतानाच पार्श्वभूमी कोणत्या रंगाची आहे हे विचारून घ्यावे, आणि तिच्याशी एकरूप न होणारे, नियमित वापरातले, इस्त्री केलेले दोन जोड सोबत न्यावेत.