नवा डॉक्टर आणि वैद्यक सभा

वैद्यकाची पदवी हाती आली म्हणजे शिक्षण संपले, असा पुष्कळांचा समज असतो. वस्तुतः खरी अडचण त्यानंतरच सुरू होते. महाविद्यालयात चूक दाखविणारे गुरुजन असतात. स्वतंत्र व्यवसायात रुग्णाची जबाबदारी एकट्यावर येते आणि स्वतःची चूक सहसा स्वतःला दिसत नाही. ही उणीव भरून काढण्याचे कार्य वैद्यक सभा करतात.

या बाबतीत जॉन स्नो यांचे उदाहरण बोधप्रद आहे. १८३६ साली, तेवीस वर्षांचे असताना, ते शिक्षणासाठी लंडनला आले व पुढच्याच वर्षी वेस्टमिन्स्टर मेडिकल सोसायटीचे सभासद झाले. त्यांचा आवाज घोगरा होता. प्रारंभी त्यांच्या बोलण्याकडे कोणी फारसे लक्ष देत नसे. तरीही ते नेमाने सभांना जात राहिले. १८४१ साली त्यांनी तेथे नवजात अर्भकांच्या गुदमरण्याविषयी निबंध वाचला. पटकी दूषित पाण्यातून पसरते, हे मत त्यांनी १८४९ साली मांडले, तेव्हा अनेकांना पुरावा अपुरा वाटला. स्नो यांनी अधिक पुरावा गोळा केला आणि १८५४ च्या साथीत घरोघरच्या पाण्याचा शोध घेतला. १८५५ साली ते मेडिकल सोसायटी ऑफ लंडनचे अध्यक्ष झाले. त्यांचे मत सर्वमान्य होण्यास मात्र त्यांच्या मृत्यूनंतरही काही काळ जावा लागला. सभा नव्या विचारास लगेच मान्यता देतेच असे नाही. पण तो मांडण्यास व तपासून घेण्यास जागा देते.

भारतात इंडियन मेडिकल असोसिएशनची स्थापना १९२८ साली कलकत्त्यास झाली. गावोगावी तिच्या शाखा आहेत. वैद्यक परिषदेकडील नोंदणी कायद्याने आवश्यक असते. अशा संघटनेचे सभासदत्व मात्र ऐच्छिक असते, हा भेद ध्यानात ठेवावा.

नवोदित डॉक्टराने प्रथम जवळच्या शाखेचे सभासद व्हावे आणि बैठकांना नियमाने जावे. आरंभी ऐकावे, शंका आल्यास संकोच न करता विचारावी. पुढे आपल्या पाहण्यात आलेला एखादा विशेष रुग्ण, त्याची ओळख गुप्त राखून, सभेपुढे मांडावा. उपचार फसला असेल तर तेही सांगावे; कारण अशा कथनातून इतरांचे रुग्ण वाचू शकतात. चिटणिसास साहाय्य करणे, आरोग्य शिबिरात काम करणे, ही कामे लहान दिसली तरी त्यांतूनच ज्येष्ठांशी परिचय वाढतो.

एकट्याचा अनुभव त्याच्यापुरताच राहतो. सभेत मांडलेला अनुभव सर्वांचा होतो, आणि त्याचा अंतिम लाभ रुग्णास मिळतो.