झाडाखालचा माणूस

पावसाळ्याच्या तोंडावर शहरोशहरी धोकादायक वृक्ष पाडण्याची लगबग सुरू होते. कुऱ्हाडीला जेथे दिवस लागे, ते काम चेन-सॉ नावाची यांत्रिक करवत आता अल्पावधीत उरकते. वेळ वाचला हे खरे. पण त्याची किंमत कोण मोजतो, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो.

वृक्ष सुरक्षितपणे पाडण्याचे एक शास्त्र आहे. प्रथम झाडाचा कल, वारा, वाळक्या फांद्या व विजेच्या तारा न्याहाळावयाच्या. झाडाच्या उंचीच्या दुप्पट अंतराच्या आत अन्य कोणी असता कामा नये. स्वतःसाठी तिरकस मागे जाणारी वाट आधीच मोकळी करावयाची. ज्या बाजूस झाड पाडावयाचे, तिकडे खोडाच्या साधारण पाव व्यासाइतकी खाच घ्यावयाची; मग मागील बाजूने, खाचेच्या तळापेक्षा किंचित वर, काप द्यावयाचा. मात्र खोड आरपार कापावयाचे नाही. व्यासाच्या सुमारे एकदशांश जाडीची लाकडाची पट्टी मध्ये राखावयाची. दाराच्या बिजागरीप्रमाणे तीच झाडाला ठरल्या दिशेस झुकविते; ती तुटली की झाड कोणाचेच ऐकत नाही. करवतीच्या टोकाचा वरचा भाग लाकडास लागला, तर यंत्र उसळून चालविणाऱ्याच्याच अंगावर येते. म्हणून साखळी थांबविणारा ब्रेक, शिरस्त्राण व पायांना संरक्षक विजार अपरिहार्य ठरते.

यातील बहुतेक दक्षता करवत बंद असतानाच घ्यावयाची असते, आणि पेच नेमका येथेच आहे. मोबदला झाडामागे ठरला, की निरीक्षणात गेलेला अर्धा तास हा निव्वळ तोटा वाटतो. दक्ष ठेकेदाराचा दर चढा दिसतो आणि काम बेपर्वा माणसाकडे जाते. कामाच्या खडतरपणानुसार वेतन वाढते, असे ॲडम स्मिथने १७७६ साली मांडले. परंतु त्यासाठी काम नाकारण्याची ऐपत लागते. ती रोजंदारीच्या मजुराजवळ कोठून असणार?

महाराष्ट्रातील नागरी क्षेत्रांसाठी १९७५ साली वृक्षसंरक्षणाचा कायदा झाला. त्याचा रोख झाडाकडे आहे आणि तो उचितच आहे. परंतु तोडीची परवानगी देतानाच माणसाचीही काळजी वाहता येईल. प्रशिक्षण, संरक्षक साधने व विमा यांचा खर्च निविदेत स्वतंत्र दाखवावा आणि त्यावर घासाघीस नसावी. गृहनिर्माण संस्थांच्या सभासदांनीही 'किती घेणार?' या प्रश्नाआधी 'कसे पाडणार?' असे विचारावे. स्वस्तात पाडलेल्या झाडाची उरलेली किंमत अखेर एखाद्या मजुराच्या घराला चुकवावी लागते.