‘रीमास्टर्ड’चे पैसे कशासाठी मोजायचे?

ऐकणाऱ्याची बाजू : भाग ७

मुंबईच्या फोर्टात, सर फिरोजशहा मेहता रस्त्यावरच्या युनिव्हर्सल इन्शुरन्सच्या इमारतीत एचएमव्हीचा स्टुडिओ होता. १९६८च्या जानेवारीत बीटल्सपैकी जॉर्ज हॅरिसन तिथे आला, ‘वंडरवॉल’ या चित्रपटाचं पार्श्वसंगीत करायला. संतूरवर शिवकुमार शर्मा, सरोदवर आशिष खाँ, तबल्यावर महापुरुष मिश्रा, बासरीवर एस. आर. केंकरे असा ताफा जमला. स्टिरिओत ध्वनिमुद्रण व्हावं म्हणून दोन ट्रॅकचं यंत्र थेट कलकत्त्याहून आणलं गेलं. खोलीला मात्र ध्वनिरोधनाचा पत्ताच नव्हता. साडेपाचला खालच्या कचेऱ्या सुटल्या, की जिन्यात पावलांचा धडधडाट व्हायचा आणि वादकांना हात आवरून बसावं लागायचं. रस्त्यावरच्या टॅक्स्या तर टेपवरच उतरल्या. कान देऊन ऐकलं तर त्या ऐकू येतात, हे खुद्द हॅरिसननंच सांगून ठेवलेलं आहे.

‘वंडरवॉल म्युझिक’ नावाचा हा अल्बम नोव्हेंबर १९६८ मध्ये एलपीवर आला, १९९२ मध्ये सीडीवर आला आणि २०१४ मध्ये पुन्हा ‘रीमास्टर्ड’ होऊन आला. टेप तीच, वादक तेच, टॅक्स्याही त्याच. मग ग्राहकानं तिसऱ्यांदा खिशात हात का घालायचा?

हा प्रश्न आता पुण्या-मुंबईच्या संग्राहकांपुरता उरलेला नाही. राजगुरुनगरहून चाकणच्या कारखान्यांकडे निघालेल्या शिफ्टच्या बसमध्ये कानात इअरफोन घालून बसलेल्या पोरानं मोबाइलवर पिंक फ्लॉइड शोधलं, तर एकाच अल्बमच्या चार-चार आवृत्त्या समोर येतात: साधी, रीमास्टर्ड, डिलक्स, पन्नासाव्या वर्षाची. महिन्याचं वर्गणीचं खातं असेल तर काहीही ऐका, फरक पडत नाही. पण टर्नटेबल घेतलेल्यांची संख्या हळूहळू वाढते आहे. बाहेरदेशी छापलेली एलपी सहसा दोन-तीन हजारांच्या खाली मिळत नाही, आणि बॉक्स सेटच्या किमतीत घरातलं एखादं मोठं काम उरकतं. तेव्हा नेमकं काय विकत घेतोय, हे आधी कळलेलं बरं.

गाणं तयार होताना गायक, गिटार, ड्रम्स वेगवेगळ्या ट्रॅकवर मुद्रित होतात. त्यांचे आवाज कमीजास्त करून एकत्र बसवले, की मिक्स तयार होतं. त्या मिक्सवर फिरवलेला शेवटचा हात म्हणजे मास्टरिंग: खर्ज किती, तार स्वरांना चकाकी किती, एकूण आवाज किती. रीमास्टरिंगमध्ये फक्त हा शेवटचा हात नव्यानं फिरतो. गायकाचा आवाज पुढे आणायचा किंवा ड्रम्स मागे ढकलायचे, तर मूळ ट्रॅकपर्यंत मागे जावं लागतं. ते झालं रीमिक्स. बीटल्सच्या २००९च्या सीडी रीमास्टर होत्या; २०१७चा ‘सार्जंट पेपर’ हा जाइल्स मार्टिननं केलेला रीमिक्स होता. दुकानदार मात्र दोन्ही एकाच फळीवर ठेवतो.

‘वंडरवॉल’च्या मुंबईतल्या मुद्रणात ही सोयच नाही. वादक एकत्र बसून वाजवत होते आणि यंत्राला ट्रॅक होते दोन. संतूर आणि टॅक्सी यांची फारकत करायची कशी? गेल्या काही वर्षांत त्यावरही उपाय निघाला आहे. ‘गेट बॅक’ या माहितीपटासाठी पीटर जॅक्सनच्या चमूनं एकाच ट्रॅकमध्ये मिसळलेले आवाज संगणकाकरवी वेगळे काढण्याचं तंत्र विकसित केलं, आणि २०२२चा ‘रिव्हॉल्व्हर’ त्याच तंत्रानं नव्यानं मिक्स झाला. उद्या कुणी फोर्टातल्या टॅक्स्याही पुसून टाकील. त्या अल्बममधून १९६८ची मुंबई वजा करण्यासाठी पैसे कोण देईल, हा भाग वेगळा.

२०१४च्या आवृत्तीत पुसापुशी नाही. उलट भर आहे. ‘द इनर लाइट’ या गाण्याचा मूळ वाद्यमेळही हॅरिसननं त्याच मुक्कामात मुंबईत मुद्रित केला होता. गाणं मार्च १९६८ मध्ये बीटल्सच्या ‘लेडी मॅडोना’च्या मागच्या बाजूला आलं. त्या वाद्यमेळाचा एक निराळा टेक २०१४च्या सीडीवर आहे, गायनाविना. आपल्याकडच्या वादकांची जागा न् जागा त्यात मोकळी ऐकू येते. एवढ्यासाठी ही सीडी घ्यावी.

लेड झेपलिनची गोष्ट याहून रंगतदार. १९७२ मध्ये जिमी पेज आणि रॉबर्ट प्लँट मुंबईत आले आणि इथल्या वादकांना घेऊन त्यांनी ‘फ्रेंड्स’ आणि ‘फोर स्टिक्स’ ही आपली दोन गाणी नव्यानं मुद्रित केली. ती टेप पुढे चार दशकं अधिकृतपणे बाहेरच आली नाही. चोरट्या ध्वनिमुद्रिकांवरून, कॉपीची कॉपी होत होत, ती चाहत्यांमध्ये फिरत राहिली. पेजनं २०१४ पासून बँडचे सगळे अल्बम स्वतःच्या देखरेखीखाली रीमास्टर करवून घेतले, आणि २०१५ मध्ये ‘कोडा’च्या तीन डिस्कच्या आवृत्तीत मुंबईची ही दोन गाणी ‘बॉम्बे ऑर्केस्ट्रा’ या नावानं घातली. मूळ ‘कोडा’ हा १९८२चा, उरल्यासुरल्या गाण्यांचा अल्बम. झेपलिनच्या यादीत त्याला मानाचं पान कुणी देत नाही. पण रीमास्टर आवृत्ती घ्यायचीच झाली तर मराठी वाचकानं सर्वांत आधी हीच घ्यावी. पहिल्या डिस्कचा आवाज किती सुधारला यासाठी नव्हे, सोबतच्या डिस्कांवर काय आहे यासाठी.

उलट बाजूही पाहू. सीडी आल्यावर, विशेषतः नव्वदीनंतर, ‘आमचं गाणं शेजारच्या गाण्यापेक्षा मोठं वाजलं पाहिजे’ अशी चढाओढ लागली. हळू आणि मोठा आवाज यांतलं अंतर दाबून टाकायचं आणि सगळंच वर उचलायचं, ही तिची रीत. अशा गाण्याचा संगणकावरचा आलेख पाहिला तर लाटा दिसत नाहीत; वरून-खालून रंधा मारलेली फळी दिसते. ड्रमवर काठी पडते तो क्षण उठावा कुठे, आजूबाजूला जागाच नाही! मेटॅलिकाच्या ‘डेथ मॅग्नेटिक’वरून २००८ मध्ये चाहत्यांनीच ओरड केली, कारण ‘गिटार हीरो’ या व्हिडिओ गेममध्ये आलेली तीच गाणी सीडीपेक्षा मोकळी वाजत होती. रश या बँडला २००२चा ‘व्हेपर ट्रेल्स’ याच दुखण्यापायी २०१३ मध्ये अख्खा रीमिक्स करून पुन्हा काढावा लागला.

जुन्या अल्बमच्या रीमास्टर आवृत्त्याही या लाटेतून सुटल्या नाहीत. गंमत अशी, की आता या मोठ्या आवाजाचा काडीचा उपयोग नाही. स्पॉटिफाय मुळात सगळी गाणी आवाजाच्या एकाच ठरावीक पातळीला (उणे १४ एलयूएफएस) आणून वाजवतं. दाबून फुगवलेलं गाणं तिथे खाली ओढलं जातं. मोठेपणा जातो आणि दाबलेपण तेवढं शिल्लक राहतं.

काही ठिकाणी तर कारागिरीच्या नावाखाली सरळ अदलाबदल झाली. ऑझी ऑस्बॉर्नच्या पहिल्या दोन अल्बमच्या २००२च्या आवृत्त्यांमधून मूळ बेस आणि ड्रम्स काढून दुसऱ्या वादकांकडून ते नव्यानं वाजवून घेतले होते. मूळ वादकांशी कोर्टकज्जा चालू होता. चाहत्यांनी नाकं मुरडली, आणि २०११ मध्ये मूळ वादन परत आलं. आपल्याकडे ‘झंकार बीट्स’च्या कॅसेट ज्यांनी पुणे-नाशिक रस्त्यावरच्या ट्रकमध्ये ऐकल्या असतील, त्यांना या प्रकाराची वेगळी ओळख करून द्यायला नको. मुकेशच्या दर्दभऱ्या गाण्याखाली ढुमढुमणारा तो यांत्रिक ठेका! पण झंकारवाले निदान कव्हरवर नाव छापून मोकळे व्हायचे.

रीमास्टर खरोखर गरजेचं असतं ते चूक दुरुस्त करायला. माइल्स डेव्हिसचा ‘काइंड ऑफ ब्लू’ हा १९५९चा अल्बम रॉक नव्हे, जॅझ. पण उदाहरण त्याच्याइतकं चोख दुसरं नाही. मुद्रणाच्या वेळी एक यंत्र किंचित हळू फिरत होतं, म्हणून एलपीची पहिली अख्खी बाजू किंचित चढ्या पट्टीत वाजायची. त्याच्याबरोबर सराव करणारे वादक पिढ्यान्‌पिढ्या बुचकळ्यात पडत. जोडीला राखीव म्हणून चालवलेल्या दुसऱ्या यंत्राची टेप वापरून १९९२ मध्ये ती दुरुस्त झाली.

मराठी नाट्यसंगीताच्या रसिकांना हा घोळ घरचाच आहे. जुन्या तबकड्यांना आपण ‘७८च्या’ म्हणत असलो, तरी विजेआधीच्या काळात सगळ्या काही मिनिटाला नेमक्या ७८ फेऱ्यांनी मुद्रित झालेल्या नाहीत. ८० फेऱ्यांनी मुद्रित झालेली तबकडी ७८ने वाजवली तर वेग अडीच टक्क्यांनी उतरतो. अर्ध्या स्वराला साधारण सहा टक्के लागतात, म्हणजे काळी एकमधलं गाणं पांढरी एक आणि काळी एक यांच्या मध्येच कुठेतरी लोंबकळतं. नुसतं ऐकणाऱ्याला पत्ता लागत नाही, कारण गायक, पेटी, तबला सगळे मिळूनच खाली येतात. शेजारी पेटी घेऊन बसलेल्याला मात्र एकही पट्टी जुळत नाही. सीडीवर किंवा मोबाइलवर आलेलं नाट्यपद ‘डिजिटली रीमास्टर्ड’ म्हणून विकलं जात असेल, तर खरखर किती काढली यापेक्षा वेग तपासला का, हे विचारायला हवं. खरखर काढण्याच्या नादात तानेची धारच बोथट झाल्याचे नमुने पुष्कळ आहेत.

आणि जे टेपवर किंवा तबकडीवर आलंच नाही, ते कुणी आणू शकत नाही. केशवराव भोसले १९२१ मध्ये गेले. विद्युत ध्वनिमुद्रण आलं १९२५ मध्ये. कर्ण्यासमोर उभं राहून गायलेल्या त्या काळच्या तबकड्यांत खर्ज आणि वरची चकाकी मुळातच उतरलेली नाही. गीतरामायणाचं त्रांगडं आणखी निराळं. पुणे आकाशवाणीवर १९५५-५६ मध्ये ते प्रसारित झालं तेव्हा माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, लता मंगेशकर असे अनेक गळे त्यात होते. घरोघरी पोचलेला एचएमव्हीचा संच मात्र सुधीर फडके यांनी एकट्यानं नव्यानं गायलेला. हा संच कितीही उजळला, तरी त्यातून रेडिओवरचं गीतरामायण निघणार नाही.

आई-वडिलांना भेट म्हणून आलेल्या ‘कारवाँ’ या जुन्या गाण्यांच्या रेडिओवर किंवा मुठीएवढ्या ब्लूटूथ स्पीकरवर यातला बराचसा फरक कळतच नाही. तेवढ्यावरच ऐकणार असाल तर बॉक्स सेटचे पैसे चांगल्या हेडफोनवर घाला.

टर्नटेबलवाल्यांनी कव्हर उलटं करून मागची बारीक अक्षरं वाचावीत. मास्टरिंग कुणी केलं, कुठे केलं, मूळ टेपवरून केलं का, हे प्रामाणिक कंपनी छापते. नुसतं सोनेरी ‘रीमास्टर्ड’ छापणारी छापत नाही. अर्थात छापलेलंही डोळे मिटून मानू नये. मोबाइल फिडेलिटी या नावाजलेल्या अमेरिकी कंपनीच्या महागड्या एलपी निव्वळ अॅनालॉग पद्धतीनं बनतात असा बोलबाला होता. अनेकांमध्ये मधला टप्पा डिजिटल असल्याचं २०२२ मध्ये उघड झालं, आणि प्रकरण कोर्टात जाऊन तडजोडीवर मिटलं.

जुन्या सीडी मात्र घरात असतील तर भंगारात घालू नयेत. नवी आवृत्ती आली, की स्ट्रीमिंगवर बहुतेक वेळा जुनी गायब होते, आणि ऐंशीच्या दशकातली मोकळी, न दाबलेली मास्टरिंग मग त्या तबकड्यांवरच उरते. पुण्यात बुधवारी आणि रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजारात त्या अजूनही सापडतात. राजगुरुनगरहून भोसरीमार्गे पीएमपीनं जाता येतं. डबी उघडून तबकडी उजेडात तिरपी धरावी. आतून बाहेर गेलेले ओरखडे चालतात, गोल फिरलेला ओरखडा असला तर तिथल्या तिथे परत द्यावी.

(पुढील आठवड्यात : घरच्या कॅसेट मोबाइलमध्ये घेताना)