कचऱ्याचे पैसे वरून येतात?

"पंचायतीला वरून निधी येतो. मग आमच्याकडून कचऱ्याचे वेगळे पैसे कशाला?"

रायगड जिल्ह्यातल्या हरिहरेश्वरात हा प्रश्न मी इतक्यांदा ऐकला आहे की समोरच्याने सुरुवात केली की शेवट मला पाठ असतो. कुलदैवताच्या दर्शनाला आलेली मंडळी विचारतात, खानावळवाले विचारतात, घराच्या चार खोल्या पर्यटकांना देणारेही विचारतात. विचारणाऱ्याच्या मनात खोट नसते. पण या एका समजापायी किनाऱ्यावरच्या गावांचं फार नुकसान होतं आहे, म्हणून एकदा सगळा हिशेब मांडतो.

आधी कचरा कुठे असतो ते पाहा. सोमवारी सकाळी ओहोटीच्या वेळी प्रदक्षिणेच्या वाटेने पायऱ्या उतरून खाली जा. लाटांनी आणि खाऱ्या वाऱ्याने तिथला कातळ कोरून काढला आहे, मधाच्या पोळ्यासारखी जाळी पडली आहे त्याला. त्या भोकाभोकांत वेफर्सची पाकिटं, बाटल्यांची झाकणं, उदबत्तीच्या पुड्यांचं प्लास्टिक अडकलेलं असतं. बोटाने निघत नाही. एक मावशी काडीने एकेक तुकडा उकरून गोणीत टाकत होत्या. एका हातभर कातळाला त्यांना बराच वेळ लागला, आणि भरती लागायच्या आत पुढचा सगळा टप्पा उरकायचा होता. कचऱ्याचा खर्च म्हणजे मुख्यतः या मावशींची रोजची मजुरी.

आता तो वरून येणारा निधी. तो येतो, हे खरं आहे. स्वच्छ भारत मिशन (ग्रामीण)च्या 2020 साली सुरू झालेल्या दुसऱ्या टप्प्यात पाच हजारांपर्यंत वस्तीच्या गावाला घनकचऱ्यासाठी माणशी 60 रुपयांपर्यंत रक्कम ठरली. त्याहून मोठ्या गावाला माणशी 45. दोन हजार वस्तीचं गाव धरा. जास्तीत जास्त 1,20,000 रुपये झाले. ही रक्कम दर वर्षाची नाही. गाडी, शेड, खतखड्डे अशा उभारणीसाठी ती एकदाच मिळते आणि तिच्यातलाही 30 टक्के वाटा ग्रामपंचायतीने वित्त आयोगाच्या अनुदानातून घालायचा असतो.

उभारलेलं चालवायला काय लागतं? एक गाडीचालक आणि दोन सफाई कामगार, प्रत्येकी महिना 12,000 रुपये धरा. वर्षाचे 4,32,000 झाले. डिझेल, टायर, हातमोजे यांचा खर्च यात धरलेलाच नाही. शेड बांधायला पैसे मिळाले आणि शेडमध्ये काम करणाऱ्याला द्यायला नाहीत, म्हणून कुलूप लागलेली किती कचरा शेडं या जिल्ह्यात दाखवू?

"मग पंधराव्या वित्त आयोगाचे पैसे?" हा पुढचा प्रश्न ठरलेला. 2021 ते 2026 या काळात त्या अनुदानातला 60 टक्के निधी बंधित होता: निम्मा स्वच्छतेला, निम्मा पिण्याच्या पाण्याला. त्या निम्म्यात शौचालयांची देखभाल, सांडपाणी आणि कचरा असं सगळंच बसवायचं. शिवाय हप्ता अटींवर अवलंबून असतो. हिशेब वेळेवर जाहीर झाले नाहीत, निवडणूक लांबली, की पैसे अडकतात. कचरा मात्र हप्त्याची वाट बघत थांबत नाही.

सगळ्यात मोठी गोम मोजणीत आहे. माणशी निधी म्हणजे जनगणनेतली माणसं. हरिहरेश्वरात कचरा करणारा मोठा वर्ग त्या यादीत नाहीच. तो शनिवारी संध्याकाळी पुण्या-मुंबईहून किंवा बाणकोटच्या खाडीपलीकडून वेसवी-बागमांडला फेरीबोटीने येतो आणि रविवारी दुपारी जातो. त्याचं डोकं निधीत मोजलं जात नाही, त्याची बाटली मात्र गोणीत येते. घरपट्टीचंही तेच. पावती काढून बघा: घरपट्टी, दिवाबत्ती कर, आरोग्य कर, पाणीपट्टी. हे सगळं गावात घर असलेला भरतो. वेगळं शुल्क नको म्हणणं याचा अर्थ एवढाच, की गावातल्या म्हातारीने आपल्या घरपट्टीतून पाहुण्यांची पाकिटं उचलावीत. हे मला पटत नाही आणि कायद्यालाही ते अभिप्रेत नाही.

कायदा काय म्हणतो, हेही वादापुरतं सांगतो. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम 124मध्ये यात्रेकरूंवरच्या कराची आणि कचरा काढण्यासाठीच्या स्वच्छता उपकराची तरतूद आहे. 2016च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांत वापरकर्ता शुल्काची व्याख्याच अशी होती, की कचरा गोळा करणं, वाहून नेणं, त्यावर प्रक्रिया करणं आणि विल्हेवाट लावणं यांचा पूर्ण किंवा काही खर्च कचरा करणाऱ्याकडून घ्यायचा. कर आणि शुल्क यांतला फरक सर्वोच्च न्यायालयाने 1954 साली शिरूर मठाच्या खटल्यात सांगितला: कर सरकारच्या सामान्य तिजोरीत जातो, शुल्क एखाद्या सेवेच्या बदल्यात घेतलं जातं. म्हणून कचऱ्याच्या शुल्काचा हिशेब वेगळा राहायला हवा. तो रस्त्याच्या डांबरीकरणात मिसळला, तर लोकांनी जाब विचारलाच पाहिजे.

हे काही हरिहरेश्वरापुरतं नवं खूळ नाही. आपल्याच रायगड जिल्ह्यातलं माथेरान वर्षानुवर्षं प्रवेश करतानाच पर्यटकांकडून कर घेतं. तळोज्याच्या प्रकल्पात कारखाने आपला घातक कचरा वजनावर पैसे मोजून देतात. त्याबद्दल कुणी "वरून निधी येत नाही का?" असं विचारत नाही.

शुल्क मान्य झालं तरी ते कसं बसवायचं, याचा विचार लागतो, कारण चुकीचं बसवलेलं शुल्कही कोलमडतं. अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात भरावभूमीवर जाणाऱ्या कचऱ्यावर टनामागे 1.40 डॉलर घेतले जातात, आणि राज्याच्या कचरा खात्याचा मोठा आधार ते आहेत. 2002 पासून दर तोच. महागाई वाढत गेली. शिवाय खात्याने काम चांगलं केलं आणि पुरला जाणारा कचरा घटला, की त्याचंच उत्पन्न घटणार. आपल्याकडे ही अडचण पावसाळ्यात दिसते. जूनमध्ये समुद्र खवळतो, गर्दी ओसरते, नाक्यावरची वसुली आटते. मावशींची चूल मात्र बाराही महिने पेटावी लागते. म्हणून शुल्काचे दोन भाग हवेत: हॉटेल, खानावळ आणि भाड्याच्या खोल्यांवर वर्षाची ठरलेली रक्कम, म्हणजे पगाराला आधार, आणि गर्दीप्रमाणे वाहनामागे किंवा माणसामागे शुल्क, म्हणजे वाढीव कामाला पैसा. हंगामातली शिल्लक वेगळ्या खात्यात ठेवून पावसाळ्यात वापरायची. दर काही वर्षांनी ग्रामसभेत शुल्क बदलायचं.

कचऱ्यावर देखरेख ठेवणाऱ्यालाही हीच अडचण असते. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ 1970 पासून आहे. पाणी वापरणाऱ्या उद्योगांवर 1977च्या कायद्याने उपकर होता आणि त्यातला हिस्सा राज्यांच्या मंडळांकडे परत येई. 1 जुलै 2017 ला वस्तू व सेवा कर आला आणि तो उपकर गेला. मंडळाचा मोठा आधार उरला तो संमतीपत्राच्या शुल्काचा, आणि ते ठरतं उद्योगातल्या भांडवली गुंतवणुकीवर. पाणी किती वापरलं, याच्याशी जोडलेली एक वाट बंद झाली. तपासणीला माणूस हवा असेल तर त्याचा पगार कुठून येणार, हे आधी ठरवावं लागतं.

आता बाकीचे समज, थोडक्यात.

"दंडातून खर्च निघेल." प्लास्टिकबंदीचा दंड 2018 पासून पहिल्या वेळी 5,000 रुपये आहे, पण लोक सुधारले की दंड थांबतो, आणि थांबावा म्हणूनच तो असतो. त्यावर पगार काढता येत नाही.

"जाळला की संपला." राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर 2016 मध्ये उघड्यावर कचरा जाळण्याला 5,000 रुपयांचा, मोठ्या प्रमाणावर जाळला तर 25,000 रुपयांचा दंड ठरवला आहे. धूर गावातच राहतो.

"समुद्र घेऊन जातो." भरतीला परत आणून टाकतो.

"हे नियम शहरांसाठी, गावांना लागू नाहीत." प्लास्टिक कचऱ्याच्या 2016च्या नियमांनी ग्रामपंचायतींवर जबाबदारी स्पष्ट टाकली आहे.

"पैसे दिले, आता वेगळा करायची गरज नाही." उलट, 1 एप्रिल 2026 पासूनच्या घनकचरा नियमांत कचरा चार भागांत वेगळा करायचा आहे आणि वेगळा न केलेला कचरा भरावभूमीवर टाकणाऱ्या संस्थेला जास्त शुल्क आहे. मिसळलेल्या गोणीचा भुर्दंड शेवटी गावालाच.

"शुल्काने काहीच बदलत नाही." ब्रिटनने 1996 साली कचरा पुरण्यावर टनाला 7 पौंड कर लावला, 2025 मध्ये तो 126.15 पौंड झाला. पुरणं महाग झालं तसं पुरणं कमी झालं.

एक शंका मात्र मी खोडणार नाही: "पैसे योग्य जागी जातात कशावरून?" हा प्रश्न विचारायलाच हवा. पाहुणे असाल तर शुल्क द्या आणि पावती मागून घ्या. गावकरी असाल तर ग्रामसभेत उठून विचारा, की या वर्षी किती जमले, किती पगारात गेले, किती पावसाळ्यासाठी शिल्लक आहेत. हे तीन आकडे देवळाच्या वाटेवर फलकावर लिहायला फार खर्च येत नाही. मग पुढच्या ओहोटीला कातळावर मावशी काडी घेऊन बसलेल्या दिसल्या, की त्यांची मजुरी आपण दिली आहे, हे तुम्हाला नक्की ठाऊक असेल.