तहान, मलावष्टंभ, कटिशूल : आणि रक्तशर्करा मात्र प्राकृत

बोईसर-तारापूर औद्योगिक वसाहतीतील एक पंचावन्न वर्षांचे कामगार कटिशूलाची तक्रार घेऊन आमच्याकडे आले. तीन महिने दुकानातून वेदनाशामक गोळ्या घेणे सुरू होते. अलीकडे अतितृष्णा, बहुमूत्रता, मलावष्टंभ व पांडुता, रक्तशर्करा प्राकृत. आम्ही वातप्रकोप गृहीत धरून प्रवाळपंचामृत व विरेचन योजिले. आठव्या दिवशी रुग्ण तंद्रेत गेला. रक्तातील कॅल्शियम १४.८, क्रिएटिनीन ३.९, हिमोग्लोबिन ७.६! पुढे मुंबईस अस्थिमज्जा-परीक्षणात मल्टिपल मायलोमाचे निदान झाले.

या कर्करोगात अस्थी झिजून कॅल्शियम रक्तात उतरते. त्यामुळे वृक्काची मूत्र संहत करण्याची शक्ती जाते. मूत्र वाढते, शरीर कोरडे पडते आणि कॅल्शियम आणखी चढते. अशा वेळी विरेचन म्हणजे उरलेल्या जलाचाही क्षय. प्रवाळ, मुक्ता, शुक्ती, शंख, कपर्दिका ही प्रवाळपंचामृतातील पाचही द्रव्ये कॅल्शियमयुक्त आहेत. व्याधी आमच्या औषधाने झाला नाही. परंतु अग्नीत आहुती आम्हीच दिली, हे मान्य केले पाहिजे.

दुसरा प्रकार तीव्र ल्युकेमिया व वेगाने वाढणाऱ्या लिम्फोमातील. तेथे चिकित्सेपूर्वीही पेशी फुटून युरिक आम्ल, पोटॅशियम व फॉस्फरस वाढतात, कॅल्शियम घटते. मूत्राल्पता, पेटके, हृदयगतीतील विषमता ही त्याची लक्षणे. ज्वर, ग्रंथी व पांडुता असता वाढलेले युरिक आम्ल केवळ वातरक्त समजू नये. निदानापूर्वी दिलेले स्टेरॉइडही हा प्रसंग ओढवू शकते.

सबब पन्नाशीपुढील रुग्णात दीर्घ कटिशूल व पांडुता एकत्र दिसताच रक्तगणना, रक्तपटल, क्रिएटिनीन, युरिक आम्ल, पोटॅशियम, अल्ब्युमिन व कॅल्शियम तपासावे. अल्ब्युमिन ४ ग्रॅमहून जितके ग्रॅम कमी, तितके पट ०.८ कॅल्शियममध्ये मिळवावे. कॅल्शियम १४ च्या वर असल्यास किंवा रुग्ण तंद्रेत असल्यास त्याच दिवशी भरती आवश्यक. अशा रुग्णास लोकलने मुंबईस धाडू नये. पालघर-बोईसरमध्येच शिरेतून सलाइन सुरू करून रुग्णवाहिकेने न्यावे.

औषधविक्रेते बंधूंसही विनंती : महिनोन्‌महिने पाठदुखीची गोळी नेणाऱ्यास तहान व थकवा आहे का, एवढे विचारावे. त्या गोळ्या अशा रुग्णाचे वृक्क अधिकच बिघडवितात.

आमच्या रुग्णाचे कॅल्शियम उतरले. वृक्क मात्र पूर्ववत झाले नाहीत. एका साध्या रक्ततपासणीने ते आठ दिवस वाचले असते.